मैत्रिणीचं सुतक

शैले, मला तुझं सुतक लागत नाही.

मी माझ्या मनाने म्हणत नाही. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुजींना फोन करून रीतसर विचारलं. "आपल्या कोण?" ते म्हणाले. मी म्हटलं, शेजारी. पलीकडून काही आवाज येईना, म्हणून म्हटलं, मैत्रीण. तेव्हा गुरुजी हसले. कुचेष्टेने नाही, लहान मुलाने काहीतरी विचारलं की आपण हसतो तसे. म्हणाले, "बाई, शास्त्रात मैत्रिणीचं सुतक नाही. तुम्ही खुशाल पूजा करा, कार्य करा, कसलीही आडकाठी नाही." मी म्हटलं, "शास्त्र लिहिणाऱ्यांना शेजार नसावा." त्यांनी फोन ठेवला.

या एका वाक्यासाठी तू मला आलं घालून चहा पाजला असतास. मी सवयीने भिंतीवर टकटक केलीसुद्धा. चहा टाकते, ये, अशी आपली टकटक. पलीकडून उत्तर आलं नाही आणि तेव्हा मला कळलं, शैले, की तू गेलीस. हॉस्पिटलात कळलं नव्हतं. वैकुंठ स्मशानभूमीत सगळे नमस्कार करत होते तेव्हाही मी आपली तुझ्या साडीची घडी नीट बसली नाही हेच बघत होते. त्या भिंतीपाशी उभं राहिल्यावर कळलं. मग मी तिथेच खाली बसले.

"आपल्या कोण?" हे मला त्या आठवड्यात दुसऱ्यांदा विचारलं गेलं. पहिल्यांदा हॉस्पिटलच्या दारावरच्या माणसाने विचारलं होतं. आत फक्त घरचे, तेही एका वेळी एकच. तुझा भाचा केदार नाशिकहून निघाला होता, पोचायचा होता. मी म्हटलं, "बहीण." आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, पायऱ्या दाखवल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही म्हणून पोरींना ओरडले, आणि एका दमात खोटं बोलून आत गेले. तू डोळे उघडे ठेवून पडली होतीस. "बहीण म्हटल्यावर सोडलं," मी तुला सांगितलं. तू तोंडावरचा मास्क जरासा सरकवलास आणि म्हणालीस, "खोटारडी."

मग डोळे मिटलेस. लोकांच्या आठवणीत त्यांच्या माणसांचे शेवटचे शब्द काय काय असतात. मला तू खोटारडी म्हणून गेलीस. ते आठवलं की मला हसू येतं, आणि हसता हसता ओट्याला धरून उभं राहावं लागतं.

सुतकावरून आपलं भांडण जपानपासूनचं. मी शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी तू मला घेऊन गेलीस. "वसू, जन्मात एकदा तरी अशा देशात चल जिथे रांगेत कोणी मध्ये घुसत नाही," म्हणालीस. तिथे तुझ्या हारुए आजींकडे जायचं होतं. शिकायला गेली होतीस तेव्हा ज्यांच्या माडीवरच्या खोलीत राहिलीस, त्या. त्यांनी तुला त्यांची भाषा शिकवली, त्यांचा स्वयंपाक शिकवला आणि हळदीचे डाग पडले म्हणून मोरीही घासायला लावली. दर हिवाळ्यात त्यांच्याकडून सुकवलेल्या फळांचं खोकं यायचं आणि त्यातली निम्मी भिंतीच्या अलीकडे, माझ्याकडे. तू परत येऊन चाकणच्या कारखान्यांत दुभाषी झालीस, घरी शिकवण्या घ्यायला लागलीस, केस पांढरे झाले, तरी फोनवर त्यांच्याशी बोलताना तुझा आवाज कॉलेजातल्या मुलीसारखा व्हायचा.

तिकिटं काढून झाली आणि आजी गेल्या. त्यांच्या लेकीने, केइकोने, कळवलं की येणं रद्द करू नका, आईने तुमच्यासाठी गाद्या उन्हात घालून ठेवल्या होत्या. त्या गाद्यांवर आपण झोपलो. तू रडली नाहीस. त्यांच्या फोटोपुढे बसलीस, घंटी वाजवलीस, उठलीस आणि भांडी विसळायला लागलीस. केइको नको नको म्हणत होती. मला वाटलं, बाई कणखर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण तिघी त्या डोंगरातल्या देवळाकडे निघालो. वर्षाच्या पहिल्या दिवशी आजी तुला तिथे न्यायच्या, थंडीत नाक लाल होईपर्यंत रांगेत उभं करायच्या. हजारएक वर्षांचं देऊळ आहे, असं तू मला वाटेत सांगत होतीस. लाकूड कुजलं की बदलतात, छप्पर गळलं की नवं घालतात, पण जागा तीच आणि देव तोच. मी म्हटलं, मग आपल्या सोसायटीसारखंच. डोंगराच्या पायथ्याशी ती लाल लाकडी कमान होती, तोरी. तिच्या पलीकडे दगडी पायऱ्या देवदारासारख्या उंच झाडांमधून वर वर जात होत्या. दोन्ही बाजूंना दगडी दिवे, त्यांच्यावर हिरवंगार शेवाळ. पाऊस नव्हता पण सगळं ओलसर होतं, आणि कुठूनतरी पाणी पडल्याचा आवाज येत होता.

केइको कमानीपाशी थांबली. वाकली आणि आपल्याला पुढे व्हा म्हणाली. मी विचारलं, हिचे गुडघे दुखतात का? तू म्हणालीस, "नाही. हिची आई गेलीये ना. घरात कोणी गेलं की इथेही काही दिवस या कमानीखालून जायचं नसतं."

"म्हणजे सुतक!"

"सुतकच."

मला इतका आनंद झाला! परक्या गावात कोपऱ्यावर आपल्या आळीतलं कोणी दिसावं तसा. मी तुला म्हटलंसुद्धा, बघ, उगाच नाही आपले लोक पाळत. आणि एवढ्यात तू केइकोच्या शेजारी जाऊन उभी राहिलीस.

"तू जा वर," म्हणालीस. "मी थांबते हिच्याजवळ."

"तुला काय झालं?"

"मलाही सुतक आहे."

"तुला कुठलं सुतक? त्या तुझ्या कोण? घरमालकीण. रक्ताचं नाही, गोत्राचं नाही. अगं, एवढा समुद्र ओलांडून आलो आणि तू दारात बसणार?"

केइकोलाही काहीतरी कळलं असावं, कारण तीही तुला हातांनी वर जा वर जा करत होती. तू तिला तिच्या भाषेत एक वाक्य म्हणालीस. एकच. केइकोने तोंडावर हात धरला आणि इतकी खोल वाकली की मला वाटलं बाई आता पडते. मी विचारलं, काय म्हणालीस? "काही नाही, पाय दुखतात म्हटलं." पुढे कितीदा विचारलं, दर वेळी तुझं उत्तर हेच. ते वाक्य मला आजही माहीत नाही.

मी सोडलं नाही. नियम म्हणजे नियम, म्हटलं. मनाला येईल त्याचं सुतक धरायला लागलं तर माणूस जन्मभर देवळाबाहेरच उभा राहील. तू म्हणालीस, "राहू दे की. देवाला कुठे घाई आहे?" मग जरा थांबून म्हणालीस, "तुझ्या आईचं किती धरलंस?"

"तीन दिवस. लग्न झालेल्या मुलीला आईबापाचं तीनच दिवस असतं."

"पुरले?"

शैले, असा प्रश्न माणूस मैत्रिणीला विचारतो का? तोही परदेशात? चौथ्या दिवशी मी शाळेत गेले होते. नववीला वर्तुळ शिकवत होते. फळ्यावर वर्तुळ काढायला गेले तर त्याची दोन टोकं एकमेकांना मिळेनात, हे मीच कधीतरी तुला सांगितलेलं.  मी सँडल काढल्या, कमानीशी ठेवल्या आणि तरातरा चढायला लागले. इथे चपला काढत नाहीत गं, असं तू मागून ओरडत होतीस. मी रागात होते. थंडगार दगडांवरून मोजे ओले करत गेले, आणि उतरणारी माणसं माझ्या पायांकडे बघून मला आदराने वाट देत होती.

वर जाऊन मी काय काय केलं ते तू नंतर सगळ्या कोथरूडला मीठमसाला लावून सांगितलंस. आता खरं मी सांगते. त्या दगडी कुंडातलं पाणी हात धुवायला आणि चूळ भरायला असतं, हे तू सांगितलं होतंस. पण देवळातलं पाणी ओंजळीत आलं की आपला हात आपोआप तोंडाकडे जातो. मी तीर्थ म्हणून प्यायले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. शेजारच्या आजोबांनी डोळे मिटून घेतले. मग गाभाऱ्यापाशी गेले तर आत मूर्तीच नाही. पडदा, आणि पडद्याआड एक आरसा. दर्शन कशाचं घ्यायचं? तू शिकवल्याप्रमाणे दोनदा वाकले, दोन टाळ्या वाजवल्या. देवाला टाळ्या वाजवून बोलवायचं मला काही बरं वाटलं नाही, पण म्हटलं, त्यांची पद्धत. आणि मग देव उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालायला निघाले. देवळाला वळसा घालायला वाटच नव्हती. मागे एक बोळ, तिथे झाडू, बादल्या, लाकडं. पांढरा झगा आणि लाल घागरा घातलेली तिथली मुलगी माझ्यामागे धावत आली. मी बोटाने हवेत गोल काढून दाखवला. ती बघत राहिली. आणि मग, काय वाटलं तिला कोण जाणे, तिने बादली बाजूला सरकवली, मला वाट करून दिली आणि माझ्याबरोबर मागून चालत आली, पूर्ण गोल होईपर्यंत. हे मात्र तू कोणाला सांगितलं नाहीस. तुला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही बहुतेक.

पुढ्यात परत आल्यावर मी पुन्हा हात जोडले. आईसाठी काही मागावं असं मनात होतं. पण तोंडातून निघालं, ती खाली बसलीये रे, तिच्याकडे बघ. मराठीत. त्या देवाला कळलं का विचारू नकोस.

खाली आले तर तू आणि केइको एका दगडावर बसून आपल्या डब्यातल्या चकल्या खात होतात. तू माझ्या सँडल मांडीवर घेऊन बसली होतीस, कोणी उचलू नये म्हणून. जपानमध्ये! मी तुझ्यापुढे उभी राहिले. तू वर न बघता विचारलंस, "काय म्हणाला देव?"

मी म्हटलं, "विचारत होता, ती खाली का बसलीये?"

मी सहज बोलले गं. जिभेवर आलं ते बोलले. आणि तू माझ्या त्या सँडल पोटाशी धरून जी रडायला लागलीस. केइको रडायला लागली. तुला आल्यापासून रडू फुटत नव्हतं ते मला तेव्हा समजलं. बऱ्याच वेळाने नाक पुसून म्हणालीस, "त्याला सांग, येईन म्हणावं काही दिवसांनी." मी म्हटलं, आता मी परत चढणार नाही, तूच सांग. तू कमानीबाहेरूनच वर बघितलंस आणि मान हलवलीस. परतीचं विमान दोन दिवसांनी होतं. ते येणं राहिलं ते राहिलंच.

तेव्हापासून तुझी ती खाजगी सुतकं सुरू झाली. सोसायटीतला म्हातारा कुत्रा मेला, तू दीड दिवस धरलंस. तुझा जुना विद्यार्थी अपघातात गेला, तेव्हा दहाच्या वर दिवस झाले तरी तू म्हातोबाच्या टेकडीवर फिरायला यायचीस पण देवळाच्या अलीकडे कट्ट्यावर बसायचीस. मी आत जाऊन नमस्कार करून यायचे. बाहेर आले की तुझं ठरलेलं, "काय म्हणाला देव?" माझं उत्तरही ठरलेलं. मग आपण भांडत भांडत खाली उतरायचो. लोकांना कोडं पडायचं, ही गणिताची बाई आणि ती जपानीची बाई, एवढं बोलतात तरी काय. बोलत कुठे होतो आपण.

एकदा उतरताना तू विचारलंस, "मी गेले तर किती दिवस धरशील?"

"एकही नाही. तू माझी कोण?"

"लक्षात ठेव हं," म्हणालीस आणि खो खो हसलीस. तुला ते इतकं आवडलं की पुढे दर दोन-चार महिन्यांनी विचारायचीस. मीही दर वेळी तेच म्हणायचे. कधी वेगळं म्हणावंसं वाटलं नाही, कारण तू मरणार आहेस असं मला कधी वाटलंच नव्हतं.

आणि आमचे हे गेले ते वर्ष. गणपती चार दिवसांवर आले होते. आमच्याकडे सुतक, आमचा गणपती येणार नव्हता हे ठरलेलंच. तुझा दीड दिवसाचा. तूही आणला नाहीस. तुझा भाऊ नाशिकहून येऊन तुला बोल बोल बोलला. आपल्या घराण्याचा गणपती, शेजाऱ्याच्या सुतकापायी बंद? भिंतीतून मला सगळं ऐकू येत होतं. तू एवढंच म्हणालीस, "दादा, भिंतीच्या त्या अंगाला ती रडतेय आणि या अंगाला मी आरत्या म्हणू, हे मला जमणार नाही." भाऊ पुढची दिवाळी तुझ्याशी बोलला नाही. तू मला कधी याबद्दल एक शब्द बोलली नाहीस, मीही ऐकलं म्हणून सांगितलं नाही. आभार मानायचे राहून गेले. म्हणजे राहून गेले असं तरी कसं म्हणू, तूच कानाला हात लावून म्हणाली असतीस, पुरे.

हे सगळं मी का उगाळतेय ते सांगते. तू गेलीस त्यानंतरच्या रविवारी अनिकेतच्या घराची वास्तुशांत होती.

तुला माहीतच आहे. माझा मुलगा आणि सून मुक्ता, त्यांचं हडपसरपलीकडे मांजरी गावातलं नवं घर. गॅलरीतून खाली उसाची शेतं दिसतात म्हणून तू खूश झाली होतीस. "ऊस तोडला की समोर अजून एक बिल्डिंग येईल, तोवर बघून घ्या," म्हणाली होतीस. त्याच दिवशी मुक्ताच्या मावशीने हळूच विषय काढला की कलश घेऊन पहिली आत जायला एखादी सवाष्ण बघून ठेवा. मी गप्प बसले. तू नाही बसलीस. "ज्या बाईने हिचा नवरा वाढवला ती पहिली आत जाईल. बाकीच्यांनी आपापल्या चपला काढेपर्यंत थांबावं." मुक्ताने उठून तुला मिठी मारली. पुढच्या आठवड्यात तू तांबट आळीतून कलश घेऊन आलीस. तांब्याचा, हाताने ठोकलेला. "यात पाणी भरून तू उंबरा ओलांडायचा, आणि मी मागून बघणार," म्हणालीस.

म्हणजे बघ, शैले, तू मला कुठे आणून उभं केलंस. आत जावं तर तुझ्या मनासारखं होतं. आणि आत जायचं म्हणजे सणासुदीचं लुगडं नेसायचं, हळदीकुंकवाच्या ताटाशी हसायचं, तू जाऊन आठवडा व्हायच्या आत. तुझ्या घराला कुलूप होतं. पलीकडे आता रडायलाही कोणी नव्हतं.

रविवारी अनिकेत न्यायला आला. स्वारगेटच्या चौकात नेहमीसारखे अडकलो. कलश माझ्या मांडीवर होता. मी म्हटलं, "अनिकेत, मी येतेय, पण घरात येणार नाही. बाहेर बसेन."

त्याने आरशातून बघितलं. "का?"

"मला सुतक आहे."

"आई, प्लीज. गुरुजींनी क्लिअर सांगितलंय, तुला लागत नाही."

"लागत नाही. मी धरलंय."

"आणि हे शैलामावशीलाच हवं होतं ना? तिनेच ठरवलं होतं ना तू पहिली जायचं?"

"हो. तिला हवं होतं. मला जमत नाहीये, राजा."

 सिग्नल सुटला तरी त्याने गाडी काढली नाही, मागच्यांनी हॉर्नचा कहर केला. हडपसर येईपर्यंत तो रस्त्याकडेच बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी रडू दाबताना व्हायचे तसे. तुझ्या घरी जपानी चॉकलेट खायला पळणारा मुलगा तो, त्यालाही सुतक लागत नव्हतंच.

वर दाराला तोरण होतं, उंबऱ्यावर रांगोळी. सगळे थांबले होते. मी कलश मुक्ताच्या हातात दिला. तिने माझ्याकडे बघितलं, कलशाकडे बघितलं. मला वाटलं आता समजूत घालणार, चारचौघांत रडारड होणार. ती म्हणाली, "आई, बाहेर म्हणजे कुठे बसाल? इथे लिफ्टपाशी वारा लागतो." आणि स्वतः जाऊन वॉचमनची खुर्ची घेऊन आली, ती दाराच्या बाजूला ठेवली, मला बसवलं. मग उंबरा ओलांडला. मुक्ताच्या मावशी काहीतरी पुटपुटल्या. गुरुजी घसा खाकरले आणि मंत्र म्हणायला लागले.

दार बंद करायचं नाही, असं मुक्ताने आत सांगितलेलं मला ऐकू आलं. वाऱ्याने समई दोनदा विझली, तरी दार उघडंच होतं. मी त्या खुर्चीवर बसून होते. पाहुणे लिफ्टमधून यायचे, मला नमस्कार करायचे, मी आत जा म्हणायचे. एकीने विचारलं, बाहेर का? मी म्हटलं, पाय दुखतात.

आणि मग लक्षात आलं, शैले. तुझंच उत्तर माझ्या तोंडून आलं. तू केइकोला त्या दिवशी काय म्हणाली होतीस ते मला तरीही कळलं नाही. पण तसं काही बोलण्याआधी छातीत काय होतं ते कळलं. आत होमाचा धूर झाला होता. पदराने डोळे पुसायला ते बरं पडलं.

मी चुकले का? तुझ्या हट्टापायी मला पुढे व्हायचं होतं आणि तुझ्यापायीच मी मागे थांबले. आता भांड. किती दिवस मी वाट बघतेय की तू भांडशील, म्हणशील, वसू, कसली हट्टी बाई आहेस, एवढा कलश आणून दिला आणि मिरवला दुसरीने. माझ्याकडे याला उत्तर तयार आहे. चांगलं, टोचणारं उत्तर आहे. ते कोणाला देऊ?

काल केदारचा फोन आला. दहावं, अकरावं सगळं त्याने नाशिकला नीट केलं, काळजी करू नकोस. म्हणाला, "मावशी, तुम्ही वास्तुशांतीला आत गेला नाहीत असं कळलं." मी म्हटलं, कोणी सांगितलं? तो म्हणाला, कोणीतरी. मग म्हणाला, "आता संपलं, मावशी. उद्या डोक्यावरून पाणी घ्या आणि देवाला जाऊन या." बघ, तुझ्या सख्ख्या भाच्याने मला सांगितलं की सुतक संपलं. म्हणजे होतं. मला फोनवर बोलता येईना. तो थांबला बिचारा, त्याने फोन ठेवला नाही.

आज सकाळी डोक्यावरून पाणी घेतलं. म्हातोबाच्या टेकडीवर गेले. इतक्या दिवसांनी चढत होते, दम लागला. वाटेत आपले रोजचे लोक भेटले, त्यांनी एकटीला बघून मान खाली घातली. देवळापाशी पोचले. चपला काढल्या. तुझ्या कट्ट्यावर कोणी नव्हतं. आत घंटा वाजवत होते कोणी. आता मला कोणाचीच आडकाठी नव्हती, शास्त्राची नव्हती आणि तुझ्या घरच्यांचीही नव्हती. पाऊल उचललं आणि मनात आलं, आत जाऊन नमस्कार करून बाहेर आले की विचारणार कोण?

मी परत चपला घातल्या नाहीत. हातात घेतल्या आणि तुझ्या कट्ट्यावर येऊन बसले.

त्या डोंगरात मी वर गेले होते आणि माझ्या सँडल मांडीवर घेऊन तू खाली बसली होतीस. या वेळी वर तू गेलीस. मी बसलेय इथे खाली. तू विचारायचीस ना, किती दिवस धरशील? एकही नाही असं मी म्हणायचे, ते खोटं होतं. तुला ते माहीत होतं म्हणूनच तू हसायचीस, खोटारडी म्हणालीस ते बरोबरच म्हणालीस. किती दिवस ते मला सांगता येत नाही गं. तू खाली ये आणि सांग, काय म्हणाला देव. तोवर.